घोड्यांची शुश्रूषा आणि आमचे स्वयंसेवक

शाळाशाळांतून समाजसेवेचे तास सुरू झाल्यापासून आपण कोणत्या कामीं उपयोगीं पडावें, असा प्रश्न मुलामुलींपुढें दरवर्षीं येतो. कोणी झाडें लावितात, कोणी वृद्धाश्रमांत जाऊन गीतें गातात, कोणी समुद्रकिनारा झाडतात. अलीकडे आणखी एक मागणी आमच्या कानीं येऊं लागली आहे. ती ही कीं, टाकून दिलेल्या, थकलेल्या अथवा जखमी घोड्यांचा जेथें सांभाळ होतो, अशा आश्रयस्थानीं आम्हांस सुट्टीच्या दिवशीं कामास पाठवावें. ही मागणी आम्हांस मनापासून आवडते, व ती मान्य व्हावी असेंच आमचें मत आहे. तथापि मान्य करण्यापूर्वीं कांहीं गोष्टी स्पष्ट बोलून ठेवणें अवश्य वाटतें. कारण झाड लावण्यांत हयगय झाली तर एक रोप वाळतें, पण ह्या कामांतील हयगयीचें प्रायश्चित्त करणाऱ्यास न मिळतां मुक्या जनावरास मिळतें.

प्रथम पालकांकडून येणाऱ्या आक्षेपाचा विचार करूं. माणसें उपाशी असतां घोड्यांस चारा घालावयास मुलें कां पाठवावीं, असें एका गृहस्थांनीं आम्हांस विचारिलें. प्रश्न रास्त आहे; त्याची टवाळी करणें योग्य नाहीं. परंतु ज्या घोड्याची अशी दुर्दशा होते त्याचा धनी बहुधा श्रीमंत नसतो, हें ते गृहस्थ विसरले. वीटभट्टीवर विटा वाहणारा, लग्नाच्या वरातींत नवरदेवास मिरविणारा, थंड हवेच्या ठिकाणीं प्रवाशांस फिरविणारा घोडा हा एखाद्या कुटुंबाचा कमावता पुरुषच असतो म्हणा ना! तो लंगडला कीं त्या घरची चूल थंड पडते. आणि चूल थंड पडूं नये म्हणूनच तो लंगडत असतांही दुसऱ्या दिवशीं पुन्हा जुंपला जातो. घोड्याचें दुःख व धन्याचें दारिद्र्य हीं एकाच दाव्याला बांधलेलीं आहेत. एकास सोडवूं पाहणाऱ्यास दुसऱ्याकडे पाठ फिरवितां येत नाहीं.

ही गोष्ट लंडन शहरांत फार पूर्वीं एका बाईंनीं ओळखिली होती. १८७७ सालीं ॲना सूएल हिचें ‘ब्लॅक ब्यूटी’ हें पुस्तक प्रसिद्ध झालें. आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनीं तें संक्षिप्त रूपांत वाचलेलें आहे व ते त्यास मुलांचें पुस्तक समजतात. वस्तुतः लेखिकेनें तें घोडे हांकणाऱ्या व सांभाळणाऱ्या माणसांकरितां लिहिलें. लहानपणीं पाय दुखावल्यामुळें ती जन्मभर अधू होती आणि घोडागाडीवांचून तिला फारसें कोठें जातां येत नसे. पुस्तक निघाल्यावर दुसऱ्याच वर्षीं ती वारली. त्या पुस्तकापासून स्फूर्ति घेऊन ॲन लिंडो ह्या बाईंनीं १८८६ मध्यें घोड्यांकरितां एक विश्रांतिगृह काढिलें. भाड्याच्या गाडीचा थकलेला घोडा तेथें आणून ठेवावा, आणि तो हुशारी धरीपर्यंत गाडीवानानें संस्थेचा दुसरा घोडा नेऊन आपला धंदा चालू ठेवावा, अशी तेथील व्यवस्था होती. आमच्या मतें घोड्यांच्या सेवेंतील सर्वांत शहाणपणाची युक्ति हीच होय. गाडीवानास चार शब्द उपदेशाचे ऐकविणें सोपें होतें. बाईंनीं त्याच्या हातीं लगाम दिला.

दुसरें उदाहरण इजिप्त देशांतील आहे, आणि तें आमच्या मुलांनीं नीट समजून घ्यावें अशी आमची इच्छा आहे. पहिल्या महायुद्धांत त्या बाजूस जें सैन्य लढलें त्यांत हिंदी घोडदळ पुष्कळ होतें. जोधपूर व म्हैसूर ह्या संस्थानांच्या भालेदार स्वारांनीं २३ सप्टेंबर १९१८ रोजीं हैफा शहर जिंकून घेतलें. त्या मोहिमेंतील संस्थानी सैनिकांचें स्मारक म्हणून दिल्लीस तीन भालेदारांचे पुतळे उभे आहेत. स्वारांची आठवण अशी राहिली. परंतु घोड्यांचें पुढें काय झालें हें इतिहासाच्या तासाला आजवर एकाही मुलानें आम्हांस विचारिलें नाहीं. एकट्या ऑस्ट्रेलियांतून त्या युद्धाकरितां सुमारे १,३६,००० घोडे परदेशीं धाडण्यांत आले. त्यांपैकीं मायदेशीं परत पोहोंचला तो एकच, सँडी नांवाचा. इजिप्तमध्यें असलेले ब्रिटिश सैन्याचे सुमारे २०,००० घोडे युद्ध संपल्यावर परत नेण्याचा खर्च नको म्हणून तेथल्या तेथें विकून टाकण्यांत आले. ज्यांनीं तोफा ओढिल्या ते आतां कैरोच्या रस्त्यांतून दगड, भाजीपाला व उतारू ओढूं लागले.

१९३० सालीं डोरोथी ब्रूक नांवाच्या बाई आपल्या पतीबरोबर कैरोस आल्या. पति घोडदळांतील अधिकारी होते. बाईंनीं ते घोडे शोधून काढिले. लष्कराचा बाणाकृति डाग त्यांच्या अंगावर अजून दिसत असे. १९३१ मध्यें त्यांनीं लंडनच्या ‘मॉर्निंग पोस्ट’ पत्रांत एक पत्र छापविलें, लोकांनीं पैसा धाडिला, आणि पुढील तीन वर्षांत सुमारे ५,००० घोडे धन्यांकडून विकत घेण्यांत आले. विकत, हें लक्षांत ठेवावें. ते हिसकावून घेतले नाहींत. कारण ज्याच्या दारचा घोडा न्यावयाचा त्याला दुसरें जनावर घेण्याइतका पैसा हातीं आला नाहीं तर तो उपाशी मरणार, हें बाईंस ठाऊक होतें. युद्ध संपलें तेव्हां जो घोडा पांच वर्षांचा होता, तो ह्या वेळीं सतरा-अठरा वर्षांचा झालेला. बहुतेक त्याहूनही वृद्ध. त्यांत कोणी आंधळे, कोणी पायांनीं निकामी, कोणी नुसते सांगाडे. त्यांतील बहुतेकांस चारापाणी व विसावा देऊन शेवटीं वेदनारहित मरण देण्यांत आलें.

येथें आमचे विद्यार्थी थबकतात. वर्गांत ही हकीकत सांगितली तेव्हां एका मुलीनें उठून विचारिलें, “सर, मारावयाचेंच होतें तर विकत कशाला घेतलें?” प्रश्न उत्तम होता, आणि आश्रयस्थानीं जाऊं इच्छिणाऱ्या प्रत्येकानें त्याचा विचार आधींच करून ठेवावा असें आम्हांस वाटतें. आपल्या देशांत पांजरपोळांची परंपरा मोठी आहे. जनावर आपल्या मरणानें मरेपर्यंत त्याला पोसावें हा तीमागील भाव उदात्त आहे, आणि लाखों जनावरांस तिनें आसरा दिला आहे. त्या परंपरेचा आम्ही अनादर करीत नाहीं. तथापि ज्याचें हाड मोडून सांधण्यासारखें राहिलें नाहीं, जो उभा राहूं शकत नाहीं व पडून राहिला तर स्वतःच्याच भारानें ज्याचीं अंगें सडूं लागतात, त्याला औषधावांचून महिनोन् महिने तडफडत ठेवणें ही दया कोणावर, त्याच्यावर कीं आपल्या मनावर? १९६० च्या आपल्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्यांतही ज्याला जगविणें हीच क्रूरता ठरेल अशा जनावरास मरण देण्याची तरतूद आहे. हा निर्णय पशुवैद्याचा. स्वयंसेवकाचा नव्हे, मग त्याचें त्या घोड्यावर कितीही प्रेम असो. परंतु एखाद्या सकाळीं आपल्या आवडत्या घोड्याचें ठाण रिकामें दिसेल, हें मुलांस पहिल्याच दिवशीं सांगितलें पाहिजे. तें सांगण्याचें आपणांस धैर्य नसेल तर मुलांस तेथें नेऊं नये.

ब्रूकबाई एवढ्यावर थांबल्या नाहींत. जुने घोडे संपत आले, तरी त्यांच्या जागीं नवे घोडे, नवीं गाढवें तेंच ओझें ओढीत होतीं. म्हणून १९३४ सालीं त्यांनीं कैरोंत जुन्या युद्धाश्वांच्या स्मरणार्थ एक इस्पितळ स्थापिलें व गरिबांच्या कष्टकरी जनावरांस तेथें फुकट औषधोपचार मिळूं लागले. १९५५ सालीं त्या कैरोंतच वारल्या. त्यांची संस्था आज आपल्या देशांतही काम करीत आहे; वीटभट्ट्यांवरील घोडे, खेचरें व त्यांचे धनी यांच्यामध्यें तिचें कार्य चालतें.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. घोड्यांच्या सेवेस जाणारा बहुतेक मुलगा मनांत एक चित्र घेऊन जातो: आपण आयाळ कुरवाळीत आहों, घोडा आपल्या खांद्यावर मान टाकीत आहे, आणि बाजूस कोणी फोटो काढीत आहे. खरें काम लीद काढण्याचें असतें. त्या खालोखाल पाणी भरण्याचें. चांगल्या बांध्याचा घोडा दिवसास २५ ते ४५ लिटर पाणी पितो, उन्हाळ्यांत त्याहूनही अधिक. दहा घोडे असले तर किती बादल्या झाल्या ह्याचा हिशेब गणिताच्या तासाला करावा. पाण्याचे हौद घासावे लागतात, वैरण झटकून पाहावी लागते, बुरशी लागलेली पेंढी बाजूस काढावी लागते. खरारा करणें हें त्यांतल्या त्यांत सुखाचें काम, पण त्यांतही केवळ अंग चकचकीत करण्याचा हेतु नाहीं. हात फिरवितां फिरवितां सूज, गांठ, खोगिराचा वळ हीं सांपडावीं म्हणून तो करावयाचा. खूर रोज उचलून साफ करावे लागतात. आंतील खडा, माती, ओली लीद काढतांना तळव्याच्या मध्यभागीं जो त्रिकोणी मऊ भाग असतो त्याला इजा होऊं द्यावयाची नाहीं. सहा ते आठ आठवड्यांनीं नालबंदास बोलावून खूर तासवावे लागतात. पाय गेला कीं घोडा गेला, असें जुने मोतद्दार म्हणत, तें अगदीं खरें आहे.

खाण्याच्या बाबतींत तर प्रेमळ माणसांइतका धोका दुसऱ्या कोणापासून नाहीं. घोड्याचें पोट त्याच्या देहाच्या मानानें लहान असतें. निसर्गानें त्याला दिवसभर थोडें थोडें गवत खात हिंडण्यासाठीं घडविलें आहे. शिवाय त्याला ओकतां येत नाहीं. आपणांस अपचन झालें तर एकदां ओकून मोकळें होतां येतें; त्याचा मात्र पोटशूळ होतो, तो खूर आपटतो, वळून वळून कुशीकडे पाहतो, लोळतो, आणि वेळीं वैद्य न आला तर मरतो. आतां उपासमारीनें सांगाडा झालेला एक घोडा आश्रयस्थानीं आला आहे अशी कल्पना करा. त्याच्या बरगड्या पाहून कोणाचा जीव कळवळणार नाहीं? कळवळून कोणी त्याच्यापुढें चंदीची पाटी भरून ठेवितो, कोणी गूळ चारतो, कोणी घरच्या पोळ्या आणतो. आणि तो घोडा उपासानें मेला नाहीं तो ह्या मेजवानीनें मरतो. दीर्घ उपासानंतर एकदम धान्य पोटांत गेलें म्हणजे रक्तांतील क्षारांचा तोल बिघडतो व पुढील कांहीं दिवसांत हृदयक्रिया बंद पडूं शकते, हें पशुवैद्यांनीं सिद्ध केलेलें आहे. अशा जनावरास प्रथम धान्य मुळींच न देतां लसूणघासासारखी वैरण थोडी थोडी, दिवसांतून अनेक वेळां द्यावी लागते व तिचें प्रमाण दिवसेंदिवस हळूहळू वाढवावें लागतें. म्हणजे मध्यरात्रींही कोणीतरी उठलें पाहिजे, आणि घोडा आशेनें पाहत असतां हात आंखडता घेतला पाहिजे. कोंवळ्या मनाच्या मुलास हें लीद उपसण्याहून जड जातें असा आमचा तर्क आहे. पण येथेंच त्याच्या सेवेची खरी परीक्षा होते.

घोड्याजवळ जाण्याचीही रीत आहे. त्याचे डोळे बाजूस असल्यामुळें त्याला जवळजवळ चहूंकडचें दिसतें, मात्र अगदीं पाठीमागचें व कपाळासमोरचें दिसत नाहीं. म्हणून मागून मुकाट्यानें जाऊं नये. बोलत बोलत खांद्याच्या बाजूनें जावें. ज्यानें मार खाल्ला आहे तो हात वर होतांच दचकतो. त्याला आपला विश्वास पटावयास आठवडे लागतात, आणि तेंच तेंच माणूस त्याच वेळीं येत गेलें तरच तो पटतो. ह्या एकाच कारणास्तव आम्ही हौशी सेवकांच्या विरुद्ध आहों. एका रविवारीं वीस मुलें येऊन किलबिल करून गेलीं व पुढें दोन महिने कोणी फिरकलें नाहीं, तर तेथील कामगारांस त्रास आणि घोड्यांस भीति, एवढीच प्राप्ति.

ह्या प्रश्नाची निकड आपल्याकडे वाढतच आहे. सरकारी पशुगणनेप्रमाणें २०१२ सालीं देशांत घोडे व तट्टें मिळून सुमारे ६,२५,००० होतीं. २०१९ सालीं तीं सुमारे ३,४०,००० उरलीं. घोड्याचें काम संपत आलें म्हणजे घोड्याचें दुःख संपलें, असें नव्हे. बिनकामाच्या घोड्याचें दुःख कामाच्या घोड्याहून अधिक असूं शकतें, कारण त्याला चारा घालण्याचें कारणच धन्यास उरत नाहीं. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्यांचेंच पाहा. २०१५ सालीं उच्च न्यायालयानें त्या बेकायदेशीर ठरविल्या, व गाडीवानांच्या पुनर्वसनाची योजना आंखण्यास सरकारास सांगितलें. डांबरी रस्त्यांवर, अंधाऱ्या ओल्या तबेल्यांत त्या घोड्यांचे जे हाल होत ते पाहतां निर्णय योग्यच झाला असें आम्ही म्हणतों. परंतु बंदीच्या बातमीवर टाळ्या वाजविणाऱ्यांपैकीं कितीजणांनीं पुढें एकातरी घोड्याची चौकशी केली? घोडा पंचवीस-तीस वर्षें जगूं शकतो. बंदीचा हुकूम एका दिवशीं निघतो.

माथेरानासही मोटारी चालत नाहींत म्हणून घोड्यांवर शेंकडों घरें पोसतात, आणि आमच्या सहलीही तेथें जातात. दूरच्या आश्रयस्थानीं जाऊन दया करण्याआधीं ह्या सहलींत कांहीं नियम पाळतां येण्यासारखे आहेत. ओझ्याच्या जनावरांसंबंधीं १९६५ चे जे सरकारी नियम आहेत त्यांत तट्टाच्या पाठीवर ७० किलोंहून अधिक ओझें लादूं नये असें आहे. तसेंच उष्णमान ३७ अंशांच्या वर असतां दुपारीं १२ ते ३ ह्या वेळांत त्याला कामास लावूं नये असेंही आहे. मग दोघे धष्टपुष्ट विद्यार्थी एकाच तट्टावर हसत बसलेले आम्ही कसे खपवून घ्यावे? भाडें ठरविण्यापूर्वीं घोडेवाल्यास, “दादा, जरा खोगीर काढून पाठ दाखवितां कां?” असें नम्रपणें विचारावें. जो आनंदानें दाखवील त्याचाच घोडा घ्यावा, व भाड्यांत घासाघीस करूं नये. पाठीवर जखम असेल तर त्या घोडेवाल्यावर ओरडून उपयोग नाहीं. त्याला घोड्यास दोन दिवस विसावा देतां यावा एवढी तजवीज मुलांनीं खाऊच्या पैशांतून केली, तर लिंडोबाईंची युक्ति आमच्या मुलांस समजली असें आम्ही मानूं.

राहिली आमच्या शाळेच्या पथकाची योजना. आमची सूचना अशी आहे कीं, पहिल्या वर्षीं आठवी व नववीच्या वर्गांतील बारांहून अधिक मुलेंमुली घेऊं नयेत, आणि त्यांच्या चार-चारांच्या तीन तुकड्या करून प्रत्येकीनें आठवड्यांतील आपला एक दिवस वर्षभर सांभाळावा. पालकांची लेखी संमति व धनुर्वाताची लस हीं दोन्ही झाल्यावांचून कोणाचेंही नांव यादींत घालूं नये. पायांत जाड बूट असावा, चपला चालावयाच्या नाहींत. दिवाळी, नाताळ व मे महिन्याची सुट्टी ह्यांची व्यवस्था जूनमध्येंच ठरावी, आणि गांवीं जाणाऱ्यानें आपल्या जागीं कोण येणार हें लिहून द्यावें. पहिले दोन महिने लीद, पाणी व वैरण एवढेंच काम. खराऱ्याचा ब्रश तिसऱ्या महिन्यापासून हातीं मिळेल. घोड्यावर बसावयास मिळेल काय, असें दोघांतिघांनीं आतांच विचारून ठेविलें आहे. मिळणार नाहीं. हें वाचूनही ज्यांची इच्छा कायम राहील त्यांनीं शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यांत आपलीं नांवें वर्गशिक्षकांकडे द्यावीं.